पत्त्याचा रकाना

कामाला लागल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी एका नर्सच्या डोक्यात सलाइनचा स्टँड बसताना पाहिला.

दुपारची वेळ होती. मोटरसायकलवरून पडलेल्या एका माणसाला त्याच्या घरच्यांनी उचलून आणलं होतं. अपघात विभागात तेव्हा एकच नर्स होती आणि तीही शेजारच्या वॉर्डात एका बाईला रक्त चढवत होती. ती धावत येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील. तेवढ्यात तो माणूस गेला. ती आधी आली असती तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. त्याच्या भावाने आधी तिच्या कानाखाली मारली, मग केस धरून तिला भिंतीवर आपटलं, मग हाताला लागला तो स्टँड उचलला. लोखंड हाडावर बसल्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तो मोठा नसतो. ओट्यावर नारळ आपटावा तसा बसका असतो.

आमचं ऑफिस अपघात विभागाला लागूनच होतं. आस्थापना विभाग, म्हणजे भरती, बदल्या, रजा, पेन्शन यांच्या फायली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सहा महिन्यांसाठी तिथे शिकाऊ म्हणून लागले होते. सकाळी लेक्चर, दुपारी ऑफिस. रुग्णालय ठाण्यापलीकडच्या आमच्या पट्ट्यातल्या एका महापालिकेचं. कोणत्या, ते लिहीत नाही.

आरडाओरडा सुरू झाला तसं भाऊसाहेबांनी आतून कडी लावली. भाऊसाहेब म्हणजे आमचे हेडक्लार्क. निवृत्तीला आलेले, बोलणं स्वच्छ, पुणेरी वळणाचं.

"खिडकीपासून लांब हो गं," ते म्हणाले.

"भाऊसाहेब, त्या बाईंना मारतायत."

"सिक्युरिटी आहे ना."

सिक्युरिटीचे दोघे केव्हाच गेटबाहेर पळाले होते. मला ते काचेतून दिसत होते. मग ती काचही फुटली.

सगळं थांबल्यावर भाऊसाहेबांनी कडी काढली, टेबलावरच्या काचा फायलीच्या पुठ्ठ्याने बाजूला सारल्या आणि म्हणाले, "तीन वॉर्डांना एक बाई. दुसरं काय होणार?"

"मग भरती का नाही करत?"

"झालीय की. निवड यादी लागून चार महिने झाले." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

त्या कपाटात निवड झालेल्या नर्सच्या फायली होत्या. प्रत्येकीने आधी कुठेतरी खासगी दवाखान्यात काम केलेलं, त्याचं अनुभव प्रमाणपत्र जोडलेलं. ते खरं आहे का, हे त्या दवाखान्याला विचारून घेतल्याशिवाय नेमणूक द्यायची नाही असा नियम. विचारायची रीत अशी, की जावक क्रमांक टाकून पोस्टाने पत्र पाठवायचं. महिन्याने स्मरणपत्र. पुढच्या महिन्यात दुसरं स्मरणपत्र. दवाखानेवाले ती पत्रं वाचतही नसावेत. आणि इकडे फरशीवरचं रक्त सफाईच्या मावशी फिनाइलने पुसत होत्या.

मला तेव्हा एवढंच कळलं, की या कपाटातली एकेक फाइल म्हणजे वॉर्डात नसलेली एकेक बाई. मी भाऊसाहेबांना भीतभीतच म्हटलं, "आपण फोन केला तर? आणि एक पानी फॉर्म केला तर? त्यांनी नुसत्या खुणा करायच्या, सही-शिक्का द्यायचा. मी स्वतः जाऊन आणते."

"पोस्टाने गेलेलं पत्र सुरक्षित जातं," ते म्हणाले. पण मोठ्या मॅडम, म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर, त्याच दिवशी जखमी नर्सच्या डोक्याला टाके घालून आमच्या ऑफिसात आल्या होत्या. त्यांच्या बाहीवर रक्त होतं. मी हे एका कागदावर लिहून दिलं, तो त्यांनी उभ्याउभ्या वाचला. "कर," म्हणाल्या. "उद्यापासून कर."

तो फॉर्म मीच कॉम्प्युटरवर बनवला. त्याबद्दल जरा सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील कल्याणच्या मार्केटमध्ये हमाल, आई घरकाम करते. अकरावीत माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म तीन वेळा परत आला होता. एकदा तर 'असल्यास' असं लिहिलेला रकाना कोरा होता म्हणून. तेव्हापासून वडील कुठलाही कागद हातात घेतला की आधी विचारायचे, "सगळे रकाने भरले ना? एकपण मोकळा ठेवू नको." त्यांना वाचता येत नाही, पण मोकळी जागा दिसते. माझ्याही अंगात ते मुरलं होतं. त्यामुळे मी त्या फॉर्मात नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोंदणी क्रमांक, सध्याचा पत्ता असे सगळे रकाने ठेवले आणि अर्जावरून पाहून आधीच स्वच्छ भरून टाकले. समोरच्याला लिहायचा त्रासच नको. मला त्या फॉर्मचा अभिमान होता.

आणि तो चाललाही. फोन केला की लोक नाही म्हणत, पण कॉलेजची एक मुलगी समोर येऊन उभी राहिली की सही करतात. मी ठाण्याला, डोंबिवलीला, उल्हासनगरला गेले. तीन आठवड्यांत अर्धं कपाट रिकामं झालं. नव्या नर्स रुजू व्हायला लागल्या. भाऊसाहेब म्हणाले, "पोरी, तू माझी पोटापाण्याची स्मरणपत्रं बंद केलीस."

शेवटी उरलेल्या फायलींत एक त्या बाईची होती, जिला मी इथे सिस्टर म्हणते. तिशीची, उंच, काळीसावळी. दर सोमवारी यायची आणि दाराशीच विचारायची, "आलं का?" तिला बसा म्हटलं तरी बसायची नाही. तिच्या आधीच्या दवाखान्याने एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं. महिनाअखेरीला यादीची मुदत संपणार होती आणि मग तिची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती.

"दुसरा मार्ग नाही का?" तिने विचारलं.

"नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"मी जाऊन आणते, सिस्टर," मी म्हटलं. "ठाण्याला, माजिवड्यालाच आहे ना? एका दिवसाचं काम."

तिने एकदा भाऊसाहेबांकडे पाहिलं, मग मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "माझं तिथे पटलं नव्हतं," ती म्हणाली. "प्रमाणपत्र खरं आहे. पण माझ्याबद्दल काही सांगू नका. मी कुठे आहे, काय करते, काही नाही. फक्त सही घ्या."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

मला वाटलं, भांडून नोकरी सोडली असेल. इतकंच वाटलं. मी विचारलं नाही. मोठ्या माणसांना असं कसं विचारायचं, हेच मला कळत नव्हतं.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. कारभार त्यांचा धाकटा भाऊ बघायचा. सगळे त्याला दादा म्हणत होते. मी केबिनमध्ये गेले तेव्हा तो एका कंपाउंडरला काहीतरी विचारत होता. पन्नाशीचा कंपाउंडर, हात पाठीमागे बांधून उभा.

"पेशंटला बिल न घेता सोडलंस?"

"दादा, ते म्हणाले, संध्याकाळी..."

पुढचं बोलायच्या आत दादाने त्याला मारलं. उघड्या हाताने नाही. हातात जाड स्टेपलर होता, त्यानेच. कंपाउंडरचा खालचा ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. त्याने ते पुसलंसुद्धा नाही. हात पाठीमागेच ठेवले. दादाने स्टेपलर टिश्यूने पुसून जागेवर ठेवला आणि माझ्याकडे बघून हसला.

"बोला मॅडम. चहा घेणार?"

मला तेव्हाच उठून यायला हवं होतं, हे आज कळतं. पण मी सही आणायला आले होते, आणि मुदतीला चार दिवस उरले होते. मी फॉर्म पुढे केला.

त्याने तो सावकाश वाचला. एका रकान्यावर बोट ठेवलं. मग खिशातून फोन काढून फॉर्मचा फोटो घेतला. "आमच्या रेकॉर्डला," म्हणाला. मग भराभर खुणा केल्या. वक्तशीरपणा उत्कृष्ट. रुग्णांशी वागणूक उत्कृष्ट. पुन्हा नोकरीवर घ्याल का, हो. खाली सही, शिक्का.

"फार चांगली पोरगी होती," तो म्हणाला. "सांगा तिला, दादाने आठवण काढलीय."

मी जिना उतरले तेव्हा मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. ऑफिसात आल्यावर भाऊसाहेबांनी फॉर्म बघितला आणि म्हणाले, "वा. सगळं उत्कृष्ट."

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आमच्याच अपघात विभागात आणलं.

रिक्षातून आणलं होतं, टिटवाळ्याहून. ती तिथे मोठ्या बहिणीकडे राहायची. नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. दोन माणसं घरात शिरली होती. एकाने बहिणीला स्वयंपाकघरात कोंडलं. दुसऱ्याकडे लोखंडी पाइप होता. त्याने आधी तिच्या डोक्यात घातला, ती पडल्यावर उजव्या हातावर पाय ठेवून तो फरशीवर दाबून धरला आणि मनगटावर मारत राहिला. चार वेळा, असं बहीण म्हणाली. आतून तिला आवाज मोजता येत होते.

मी दारात उभी होते. सिस्टरचा चेहरा रक्ताने माखला होता, एक डोळा मिटला होता. मनगटाच्या खाली हात भलत्याच दिशेला वळला होता आणि कातडीतून पांढरं टोक दिसत होतं. तरी ती शुद्धीवर होती आणि पट्टी बांधणाऱ्या ड्रेसरला सांगत होती, "वरून नको धरू. खालून आधार दे. अरे, खालून दे ना रे." मग ती ओरडली. तसं ओरडणं बाळंतपणाच्या वॉर्डातही ऐकू येत नाही.

बहीण समोर येईल त्याला धरून विचारत होती. "पत्ता कुणी दिला? सहा महिने कुणाला माहीत नव्हता. पत्ता कुणी दिला त्यांना?"

तिच्याकडूनच मला बाकीचं कळलं. त्या दवाखान्यात दादाने सिस्टरला वॉर्डात, पेशंटसमोर, पट्ट्याने मारलं होतं. चुकीचं इंजेक्शन दुसऱ्याने दिलं होतं, त्याचं नाव हिने उघड सांगितलं म्हणून. तिने पोलिसांत तक्रार केली आणि त्याच रात्री भाड्याची खोली सोडली. आता केस उभी राहणार होती. पाइपवाला जाताना म्हणाला होता, "केस मागे घे, नाहीतर डावा पण आहे."

मी मागे फिरले, ऑफिसात आले आणि भाऊसाहेबांना सगळं सांगितलं. फॉर्म, रकाना, फोटो.

मग त्यांनी उठून फाइल काढली, फॉर्म बघितला. "त्याने फोटो काढला, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"त्यालाच."

"तो सांगणार नाही. तू कशाला सांगतेस? शिकतेयस अजून. पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढलेल्या मुलीला कोण नोकरी देतो? आणि ऑफिसवर येईल ते वेगळंच." त्यांचा आवाज कडक नव्हता. ते मला वाचवतच होते, आणि स्वतःलाही.

मी त्या दिवशी काहीच केलं नाही. हे खरं आहे, म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी पोलिसांकडे गेले नाही.

घरी जेवताना सांगितलं. आई घाबरली. "तुझं नाव कशाला त्यात? ती माणसं इथे पण येतील. तुझे पप्पा दिवसभर बाहेर, मी बाहेर."

वडील खाली बघून जेवत होते. "कुठला हात मोडला?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. पुढे जेवले नाहीत.

सकाळी मी कॉलेजला न जाता वॉर्डात गेले. सिस्टरच्या डोक्याला पट्टी, हाताला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. बहीण चहा आणायला गेली होती. मी पलंगाशी उभी राहिले.

"काय झालं?" तिने विचारलं. "यादीतनं काढलं मला?"

"नाही. सिस्टर, पत्ता माझ्यामुळे गेला. मी काही बोलले नव्हते, खरंच. पण फॉर्मवर होता. मीच भरला होता. त्याने फोटो काढला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने माझ्या तोंडात मारली. आडवं पडून, डाव्या हाताने मारलेली, तरी माझा दात गालात रुतला आणि तोंडात रक्ताची चव आली. शेजारच्या पलंगावरची म्हातारी "अगं अगं" करत उठून बसली.

"सांगितलं होतं ना तुला?"

"हो."

"सांगितलं होतं ना? काही सांगू नको म्हणून?"

"हो, सिस्टर."

तिने पुन्हा हात उचलला. मी हलले नाही. तिने तो खाली घेतला, कारण हलल्यामुळे प्लास्टरमधला हात दुखला असावा. ती दातओठ खाऊन श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "त्यांचा वकील म्हणणार, हल्ला चोरांनी केला. दादाला माझा पत्ताच माहीत नव्हता. कळतंय का तुला?"

मला कळलं.

"जा आणि जबाब दे. आत्ता मला सांगितलंस तसाच. फोटो, तारीख, वेळ, सगळं. फॉर्मची प्रत घेऊन जा. आणि रडू नको माझ्यासमोर."

प्रत मी मोठ्या मॅडमकडून सही करून घेतली. भाऊसाहेबांच्या टेबलावरून ती नेताना त्यांनी मान वर केली नाही. पोलीस स्टेशनमध्ये मला तीन तास बसवलं. हवालदार म्हणाला, "अहो ताई, फोटो काढणं गुन्हा आहे का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण काढला होता, एवढं लिहून घ्या. त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन जप्त झाला. फोटो त्यातच होता, आणि तो पुढे कुणाला पाठवला होता तेही. तिघांना पकडलं. पुढे जामिनावर सुटले ते वेगळं. मी महिनाभर कॉलेजला जाताना सारखी मागे वळून बघायचे. अजून बघते.

पण सिस्टरची नोकरी त्याने वाचत नव्हती. यादीची मुदत दोन दिवसांवर आली होती. पडताळणी पूर्ण होती. ज्याने हात मोडवला त्याच माणसाच्या सहीने 'उत्कृष्ट'. फक्त ती रुजू होऊ शकत नव्हती. आजारपणासाठी मुदतवाढ मागता येते, पण अर्जावर उमेदवाराची सही लागते.

भाऊसाहेब अर्ज घेऊन स्वतः वॉर्डात आले. मला आश्चर्य वाटलं. त्यांच्या हातात शाईचा पॅडही होता.

"डाव्या हाताची सही मूळ सहीशी जुळणार नाही," ते म्हणाले. "ऑडिटला अडकेल. अंगठा उठवा, मी साक्षीदार म्हणून सही करतो."

सिस्टरने पॅडकडे बघितलं. "मी अंगठा लावणार नाही."

"बाई, नियम..."

"नर्सिंगला तीन वर्षं घातली मी. अंगठा नाही लावणार."

माझी आई अजून अंगठा लावते. रेशनच्या दुकानात, बँकेत. अंगठा लावून झाला की ती बोट पदराला पुसते आणि पदर मुठीत धरून ठेवते. मी पेन तिच्या डाव्या हातात दिलं आणि कागद खालून फायलीने धरला.

तिला पाच मिनिटं लागली. अक्षरं घसरत होती, आडनावाचं शेवटचं अक्षर ओळीच्या खाली गेलं. कपाळावरची पट्टी घामाने भिजली. भाऊसाहेबांनी ती सही मूळ अर्जाशेजारी धरली, चष्मा वर-खाली केला. दोन सह्यांत काहीच सारखं नव्हतं.

"आता?" तिने विचारलं.

भाऊसाहेबांनी पॅड मिटला. अर्जाच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'माझ्यासमक्ष डाव्या हाताने सही केली', आणि सही केली. मग मोठ्या मॅडमची सही घ्यायला जिना चढून वर गेले. त्यांना गुडघ्याचा त्रास होता. मी जाते म्हटलं तर "नको" म्हणाले.

मुदतवाढ मिळाली. मी फॉर्म बदलला. आता त्यावर नाव, नोंदणी क्रमांक आणि कामाचा काळ एवढंच असतं, आणि आधी उमेदवाराला विचारून मगच मी कुठे जाते. काम थोडं सावकाश होतं. तरी पोस्टापेक्षा लवकर होतं.

सिस्टर अडीच महिन्यांनी रुजू झाली. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. तिला अपघात विभागच दिला. माझ्याशी ती कामापुरतं बोलते, जास्त नाही, आणि मला ते बरोबरच वाटतं. परवा मी फाइल घेऊन तिकडून जात होते. मारामारीत डोकं फुटलेला एक दांडगा तरुण पलंगावर होता, दारू प्यायलेला, शिव्या देत होता. तिने सुई डाव्या हातात घेतली तसा तो ओरडला, "ए, डाव्या हाताने टोचते काय? दुसरी नर्स बोलव!"

"दुसरी नाही," ती म्हणाली. "हात सरळ कर."

त्याने हात झटकला. तिने तो पकडला, गुडघ्याने पलंगावर दाबून धरला आणि शीर शोधायला लागली.